धाकटीनं आधी बोलायचं

९ जानेवारी

आजपासून माझ्या अंगाला कसलाही वास येता कामा नये. डोक्याला तेल नाही, पावडर नाही, सुगंधी साबण नाही. कांदा-लसूण रात्रीच्या जेवणातही नाही, कारण तो म्हणे सकाळी घामातून उतरतो. कपडे कंपनीनं दिलेल्या बिनवासाच्या पावडरीत धुवायचे. जगभर वासाचे साबण आणि शाम्पू विकणारी कंपनी, आणि तिच्या आत शिरायचं तर असं कोरं होऊन. मला हसू आलं. आमचं इंटर्न लोकांचं सगळं बघणारी बाई माझ्यापेक्षा जास्त हसली. ती सगळ्यालाच हसते. मी तिचं नाव हसरी ठेवून टाकलं.

हसत हसतच तिनं सांगितलं की सर्दी झाली तर त्याच दिवशी कळवायचं. गेल्या वर्षी एका मुलीनं कळवलं, पण तिचं नाक काही लवकर सुधारेना, मग तिला तिच्या देशात परत पाठवावं लागलं. "बिच्चारी!" हसरी म्हणाली आणि माझ्या हातात लॉकरची किल्ली ठेवली.

कॉलेजला दर आठवड्याला अहवाल पाठवायचा आहे. मी शिकतेय, घडतेय, आभारी आहे, हे तिथे लिहीनच. इथे जे वाटेल ते लिहायचं. आज वाटलं ते हे, की खोली छान आहे, गादी छान आहे आणि खिडकी उघडत नाही.

१६ जानेवारी

लॅबच्या खिडक्याही उघडत नाहीत. हवा छतातल्या जाळीतून गाळून येते. भिंती पांढऱ्या, टेबल पांढरं, कोट पांढरे. पहिले दोन दिवस मला आपण अंड्याच्या आत बसलोय असं वाटत होतं.

वास घेणारे आम्ही चौघं. एक चष्मेवाली, जुनी केमिस्ट. तिचा चष्मा घसरतो आणि ती तो सारखा बोटानं वर ढकलते. एक गुळगुळीत चेहऱ्याचा गृहस्थ, ज्याला मी पहिल्याच दिवशी होयबा म्हणून टाकलं. आणि सगळ्यांच्या वर आमचे मुख्य, ज्यांचं नाक म्हणजे म्हणे कंपनीची इस्टेट. त्यांनी मान डोलावल्याशिवाय एकही बाटली कोणत्याही देशात दुकानात जात नाही. यांना मी इथे नाकोबा म्हणणार. तोंडावर अर्थात सर. चौथी मी.

पद्धत अशी. एकच साबण तीन कपाटांत ठेवतात: थंड, साधं आणि गरम. गरम कपाटात तो भराभर म्हातारा होतो. वर्षभरानं दुकानाच्या फळीवर त्याचं काय होईल ते तिथे काही आठवड्यांत कळतं. सकाळी मी एकटी कपाटं उघडते, कागदाच्या पट्ट्या बुडवते, त्यांवर खुणेचे आकडे टाकते. कुठली पट्टी कुठल्या कपाटातली हे टेबलावर कुणाला ठाऊक नसतं. मग सगळे पट्टी नाकाखाली धरतात आणि एकेकानं मोठ्यानं मत सांगायचं. सगळ्यात आधी वयानं धाकटी, सगळ्यात शेवटी नाकोबा.

"मोठ्यांचं ऐकलं की लहान लोक स्वतःच्या नाकाचं ऐकत नाहीत," नाकोबांनी मला समजावलं. "म्हणून धाकटीनं आधी बोलायचं. हा नियम मीच आणला."

मला हा माणूस आवडला. आमच्या घरी मी धाकटी, आणि ताईचं ऐकून झाल्याशिवाय माझ्याकडे कुणी वळतही नाही.

२४ जानेवारी

आज मजा झाली. एका शाम्पूला मला ओल्या फडक्यासारखा वास आला. अगदी बारीक, पण आला. मी बोलले. होयबाला काही आला नाही, चष्मेवाली म्हणाली, असेल बाई, मला नक्की सांगता येत नाही. नाकोबांनी पट्टी बराच वेळ धरली, डोळे मिटले, आणि म्हणाले, "मला हेच म्हणायचं होतं."

टेबलावर शंका निघाली तरच सॅम्पल वासाचे घटक मोजणाऱ्या मशीनवर जातं. हे गेलं, आणि संध्याकाळी मशीननं माझी बाजू घेतली. नाकोबा मुद्दाम माझ्या जागेपाशी आले. एवढ्या मोठ्या माणसाला एवढा आनंद व्हावा? त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "असं नाक मी फार दिवसांत पाहिलं नाही," म्हणाले.

घरी फोन केला. बाबा म्हणाले, "लहानपणी दूध उतू जायच्या आधी ओरडायचीस, ते कामाला आलं म्हणायचं!" त्यांनी सगळ्या बिल्डिंगला सांगितलंय. ताई माहेरी आली आहे, जुलैत बाळंत होईल. मी जूनअखेर घरी पोचते, म्हणजे सगळं वेळेत.

३ फेब्रुवारी

सर्दी. डोकं दगड झालंय. आज सुट्टी आहे म्हणून बरं. उद्यापर्यंत जाईल.

५ फेब्रुवारी

गेली नाही. मी कळवलं नाही.

पुढारीला तेवढं सांगितलं. हा माझ्या वर्गातला, इथे बाटल्यांच्या विभागात आहे. कॉलेजात प्रत्येक मोर्चाच्या पुढे असायचा म्हणून पुढारी. म्हणाला, "अगं, सर्दीच आहे, सांगून टाक."

"आणि परत पाठवलं तर?"

"तर परत जा."

"इंटर्नशिपच्या दाखल्याशिवाय? सत्र बुडेल. वर्ष जाईल. तुझे बाबा नाहीत ना बिल्डिंगभर सांगत सुटलेले."

मी वाफ घेतली, गरम पाणी प्यायले, टेबलावर दोन-तीनदा "मला साधाच वाटतोय" म्हणून वेळ मारून नेली.

११ फेब्रुवारी

सर्दी गेली. वास आला नाही.

आईनं निघताना तिची जुनी शाल बॅगेत कोंबली होती. मी नको म्हणत होते, इथे हीटर आहे. पण पहिल्या महिन्यात रोज रात्री मी ती तोंडावर घेऊन झोपत असे. तिला आईचा वास होता. म्हणजे नेमका कशाचा, ते वासाच्या लॅबमध्ये काम करूनही सांगता येणार नाही. आज मी नाक खुपसून खुपसून हुंगली. लोकर टोचली, बाकी काही नाही. कॉफीची बरणी, साबण, स्वतःचे बूटसुद्धा हुंगून पाहिले. काहीच नाही. मी रडले. रडून झाल्यावर नाक पूर्ण मोकळं झालं आणि तरी काही नाही.

१३ फेब्रुवारी

शेवटी बोलणाऱ्याला बरं असतं, आधीच्यांचं ऐकून री ओढता येते. मी बोलणार पहिली. माझ्या आधी कुणीच नाही.

पण पट्ट्या मीच बुडवते! हे सकाळी कपाट उघडताना एकदम लक्षात आलं. कुठली गरम कपाटातली, किती जुनी, आत काय काय घातलंय, सगळं मला माहीत. लिंबाचा वास आधी उडतो, फुलांचा मागे राहतो, तेल म्हातारं झालं की खवट होतं. हे पुस्तकातच आहे. मी पट्टी नाकाखाली धरली, डोळे मिटले (हे नाकोबांकडून उचललं) आणि म्हणाले, "वरचा लिंबाचा भाग गेलाय. मागे थोडं खवट."

होयबा म्हणाला, "मलाही तसंच वाटतं." चष्मेवालीनं चष्मा वर ढकलला. नाकोबा म्हणाले, "मला हेच म्हणायचं होतं."

परीक्षेत कॉपी करून पहिला नंबर आला तर असंच वाटत असेल. मी कधी केली नाही, त्यामुळे माहीत नाही.

नाक परत येईपर्यंतच. पुढारीच्या मते आठवडाभर.

१० मार्च

आलं नाही.

हसरीनं तक्ता दाखवला. माझी मतं सगळ्यांत स्थिर आहेत. कधीच चढ-उतार नाही. "तुझ्यासारखी इंटर्न आमच्याकडे कधी आली नव्हती," ती म्हणाली. चढ-उतार कसा होणार, बाई, मी पुस्तक वाचून दाखवतेय.

१९ मार्च

आज लाज वाटावी असा प्रकार झाला. पॅन्ट्रीत नाकोबा आणि मी बोलत बसलो होतो, आमच्या पाठी टोस्टर. चष्मेवाली धावत आत आली तेव्हा त्यातून धूर निघत होता. टोस्टचा कोळसा. ती ओरडली, "अहो, तुम्ही दोघं इथेच बसलाय आणि!" मला वाटलं, आता सापडले. पण नाकोबांनीच सांभाळून घेतलं. "कामाचं बोलत होतो," म्हणाले, आणि कोळसा स्वतः उचलून टाकला. मोठी माणसं कामात किती बुडतात! त्यांच्या आडोशानं मी वाचले.

संध्याकाळी पुढारीला सांगितलं तर तो भलतंच सांगायला लागला. "तुझे साहेब आज लिफ्टमध्ये होते. काय ते अत्तर! माझ्या डोळ्यांत पाणी आलं." मी म्हटलं, शक्य नाही, लॅबच्या माणसाला अत्तर चालत नाही, आणि हे तर लॅबचे मुख्य. दुसरं कुणी असेल. पुढारीला कोटातली सगळी माणसं सारखीच दिसतात.

८ एप्रिल

नाकोबा मला आता सगळीकडे नेतात. पाहुणे आले की मी हवी. नवा वास घेऊन कुणी विकायला आला की मी हवी. दुपारी स्वतःच्या खोलीत बोलावतात, टेबलावर बाटल्या मांडलेल्या असतात, आणि म्हणतात, "आधी तू." तिथे तर नियमही लागू नाही, आम्ही दोघंच असतो. तरी आधी मी. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून मी काहीतरी जुळवते. ते ऐकतात, डोळे मिटतात, लिहून घेतात.

एकदा धीर करून म्हटलं, "सर, आज तुम्ही आधी सांगा ना, मला शिकायला मिळेल."

ते चिडले. पहिल्यांदाच. "शिकवून नाक येत नसतं!" म्हणाले. मग लगेच मवाळ झाले, मला चहा विचारला.

माझी परीक्षा घेतायत का? रोज परीक्षा, रोज पास, आणि रोज थोडी जास्त अडकते. आधी सांगितलं असतं तर निदान सर्दीची गोष्ट झाली असती. आता ती फसवणूक आहे. आणि ज्यांना फसवतेय ते मला चहा विचारतात.

६ मे

लहान बाळांच्या अंघोळीचा नवा साबण आलाय. पातळ, पांढरा, पिवळ्या टोपणाच्या बाटलीत. जुलैअखेर सगळ्या देशांत एकदम जायचा आहे. टोपण नवीन, पुढारीच्याच विभागानं स्वस्तात बसवलेलं. "हवा आत जात नाही ना रे?" मी गमतीनं विचारलं. तो म्हणाला, "माझ्या वरच्यांना विचार. मी फक्त टोपणं मोजतो."

मी साध्या कपाटातला ताजा साबण पट्टीवर घेतला. ताजाच तो, त्याला काय होणार? "छान. मऊ. स्वच्छ." होयबालाही तसंच वाटलं. चष्मेवालीनं पट्टी दोनदा हुंगली, माझ्याकडे पाहिलं, नाकोबांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "ठीक." नाकोबांना हेच म्हणायचं होतं.

२८ मे

तिकीट काढलं! खिडकीपाशी उभी राहून मी विमानं बघत होते. उघडत नसली तरी दिसतं.

पूर्ततेच्या दाखल्यावर नाकोबांची सही हवी. अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवला.

९ जून

सही नाही. "बघू," म्हणतात.

१६ जून

हसरीनं बोलावलं. हसत होती म्हणजे काहीतरी वाईट असणार हे मला आता कळतं. कंपनीनं माझी इंटर्नशिप सप्टेंबरअखेरपर्यंत वाढवली आहे. नाकोबांनी खास मागून घेतलं. असं कुणाला मिळत नाही.

मी म्हटलं, मला घरी जायचंय, बहीण बाळंत होणार आहे. ती म्हणाली, जा ना, कुणी बांधून ठेवलंय? फक्त काम अर्धवट सोडलं असं धरलं जाईल, मग दाखला कसा देणार? आणि इथे राहायचा परवाना कंपनीच्याच नावावर आहे, तेव्हा एकदा गेलीस की परत येता येणार नाही. हे सगळं इतक्या गोड आवाजात की मी "थँक यू" म्हणून बाहेर आले.

विभागप्रमुखांना फोन केला. "कॉलेजचं नाव काढलंस!" सत्राचं ते बघून घेतील म्हणाले, दाखला तेवढा आण. घरी फोन केला. आई म्हणाली, "थांब की मग. ताईजवळ मी आहे ना. अशी संधी परत येते का?" बाबा तर गहिवरले. मला वाटत होतं एक तरी माणूस म्हणेल, ये गं घरी. कुणी म्हणालं नाही. सगळे खूश आहेत. मी भिंतीवर डोकं आपटलं तरी टाळ्या वाजवतील.

१७ जून

थेट नाकोबांकडे गेले. "सर, मला का थांबवताय?"

ते खिडकीकडे वळले. "तू गेलीस तर मी कसं करणार?"

एवढंच. मला राग आला. एवढं मोठं नाक असलेला माणूस, वीस लॅब याच्या शब्दावर चालतात, आणि म्हणे मी कसं करणार. गोड बोलून बांधून ठेवायची ही वरिष्ठांची रीत दिसते. हसरीनं यांच्याकडूनच उचलली असेल.

पण खोटं बोलत होते असंही वाटलं नाही.

३० जून

पुढारी गेला. त्याला दाखला मिळाला, टोपणं मोजून. विमानतळाच्या बसपर्यंत सोडायला गेले. कंपनीनं सगळ्यांना बाळाच्या साबणाच्या बाटल्या भेट दिल्यात, माझ्या वाटच्या मी त्याच्याकडे दिल्या. "ताईच्या हातात दे. सांग, मावशीनं पास केलेला साबण आहे."

"तू तिथे खरं सांगून टाक गं," तो म्हणाला. "गुदमरशील."

"गाडी सुटेल तुझी," मी म्हटलं.

फाटकाला कार्ड लावून परत आत आले. दार मागे बंद झालं तेव्हा नेहमीसारखा टक आवाज आला. आज तो फार मोठा वाटला.

१२ जुलै

मुलगी झाली! दोघी सुखरूप. आई फोनवर रडत होती, बाबा मागून ओरडून वजन सांगत होते. ताईनं पडद्यावर एक लाल गाठोडं दाखवलं. "अगं, हिच्या टाळूला काय वास येतो! मी दिवसभर हुंगत बसते. कधी येतेस? तुझ्या नाकाला तर वेड लागेल."

मी म्हटलं, नेटवर्क जातंय, आणि फोन ठेवला.

भाची झाली आणि मला तिचा वास येणार नाही. आज नाही, उद्या नाही. कदाचित कधीच.

१८ जुलै

ताईचा फोन. पुढारीनं बाटल्या पोचवल्या. ती थोडी चाचरत होती.

"रागावू नको हं. तो साबण... अगं, घाण वास मारतो. जुन्या तेलासारखा. मला वाटलं बाळंतिणीचं नाक, काहीही वाटतं. म्हणून आईला दिला. आई म्हणाली, खवट आहे. बाबांनी पण नाक मुरडलं. बाळाला नाही लावला. पण तू तर पास केलायस ना? मग आमचंच काहीतरी चुकतंय का?"

माझ्या घरच्यांना स्वतःच्या नाकापेक्षा माझ्यावर विश्वास जास्त. तिघांचं म्हणणं एक आणि तरी विचारतात, आमचंच चुकतंय का.

"लावू नकोस," मी म्हटलं. "ओतून टाक."

"मग तू पास कसा केलास?"

मी म्हटलं, मागून बोलते.

टोपण. हवा आत जात असणार. गरम कपाटाची गरजच नव्हती, साध्या फळीवरच तो बिघडत होता, आणि मी दर आठवड्याला "छान, मऊ, स्वच्छ" म्हणत होते. परवा टेबलावर शेवटचा होकार आहे. तो झाला की तो सगळीकडे जाणार. आणि हा एक सापडला. फेब्रुवारीपासून माझ्या तोंडून आणखी काय काय बाहेर गेलंय?

१९ जुलै

चष्मेवालीला वॉशरूममध्ये गाठलं. खिशातून बाटली काढून तिच्यापुढे धरली. "नीट वास घ्या ना. कुणी नाहीये इथे."

तिनं घेतला आणि तिचं तोंड वाकडं झालं. "खवट. टेबलावरही यायचा मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू छान म्हणालीस. सरांनी मान डोलावली. एवढी दोन नाकं एकीकडे, मी काय बोलणार? मला वाटलं वय झालं, माझंच नाक गेलं. डॉक्टरकडे जाणार होते." तिनं चष्मा काढून पुसला. "पण तू मला का विचारतेयस? तुला येत नाही का?"

मी नळ सोडला आणि हात धूत राहिले.

तिनं चष्मा परत घातला. मग म्हणाली, "उद्या पट्ट्या मी लावते. तू जरा उशिरा ये."

रागानं नाही बोलली. तेच जास्त लागलं.

२० जुलै

सगळं जसं झालं तसं लिहिते.

टेबलावर आम्ही चौघं, आणि कडेला हसरी, कारण शेवटच्या होकाराची नोंद तीच करते. पहिली पट्टी पिवळ्या खुणेची, म्हणजे बाळाचा साबण, तो तर ओळखू येतोच. मी म्हणाले, "खवट. जुन्या तेलासारखा." ताईचे शब्द.

होयबा गडबडला. गेल्याच आठवड्यात त्यालाही छान वाटला होता. "मला... मलाही तसंच वाटतं." चष्मेवाली म्हणाली, "खवट. पहिल्यापासून." नाकोबांनी पट्टी धरली, डोळे मिटले. "मला हेच म्हणायचं होतं."

हसरीनं लिहून घेतलं, माल थांबवा. झालं! इतकं सोपं! माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. कुणी विचारलं नाही की गेल्या आठवड्यात काय झालं होतं. बाळं वाचली, मी वाचले, दाखला वाचला. सप्टेंबरपर्यंत कळ काढायची की सुटले.

मग चष्मेवालीनं दुसरी पट्टी पुढे सरकवली. तिच्यावर काहीच खूण नव्हती. तिसरी, चौथी, तशीच. ती माझ्याकडे बघत नव्हती, टेबलाकडे बघत होती.

मी पट्टी नाकाखाली धरली. कागद. नुसता कागद. साबण असेल, शाम्पू असेल, नुसतं पाणी असेल. फळीवर बसलेल्या किती बाटल्यांवर मी असंच बोलून मोकळी झाले असेन? काहीतरी ठोकून देता आलं असतं. "मऊ, थोडा फुलांचा." होयबाला तसंच वाटलं असतं. नाकोबांना हेच म्हणायचं असतं. आणि मी काहीही म्हटलं तरी ते खरं होणार, हे कळल्यावर मला त्या खोलीची इतकी भीती वाटली की मघाच्या सुटकेचं काही उरलं नाही. धाकटीनं आधी बोलायचं असतं.

"मला वास येत नाही," मी म्हणाले. "फेब्रुवारीत सर्दी झाली तेव्हापासून. कशाचाच येत नाही."

सवयीनं होयबानं मान डोलावली. "मलाही तसंच..." आणि मध्येच त्याचं तोंड उघडं राहिलं.

चष्मेवालीची पाळी होती. तिनं नाकोबांकडे पाहिलं.

नाकोबांच्या हातात पट्टी होती. त्यांनी ती नाकाशी नेली नाही. डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा ओल्या फडक्याचा वास ओळखला होता त्या संध्याकाळसारखा दिसला. पट्टी टेबलावर ठेवून ते म्हणाले, "मला हेच म्हणायचं होतं."

मला वाटलं सवयीनं बोलले. होयबासारखं तोंडातून गेलं. मग त्यांच्याकडे बघताना मला तो टोस्ट आठवला.

हसरी हसत नव्हती.

२६ जुलै

सगळ्या लॅबची नाकं तपासताहेत. डॉक्टरच्या खोलीबाहेर बाकावर नाकोबा आणि मी. पांढरा कोट नसला की ते साधे दिसतात, बाबांच्या ऑफिसातल्या कुणासारखे. मी त्यांच्यावर चिडायचं ठरवून आले होते. माझे दिवस खाल्ले, ताईजवळ जाऊ दिलं नाही. पण चिडायचं तर आधी स्वतःवर चिडायला हवं, आणि त्याचाही कंटाळा आलाय.

"किती दिवस झाले, सर?" मी विचारलं.

"तू शाळेत असशील," ते म्हणाले. "आधी वाटलं, येईल परत. मग तो नियम आणला."

थोड्या वेळानं त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. माझा दाखला. खाली सही, तारखेसकट. "मेमध्येच करायला हवी होती. आता माझी सही चालते की नाही, ते विचारावं लागेल."

मला हसू आलं. मग त्यांनाही आलं. असं की समोरची बाई वळून बघायला लागली.

त्यांनी एक संत्रं सोललं. सालीचा फवारा उडालेला दिसला, दोघांनीही पाहिला. अर्धं माझ्या हातावर ठेवलं. आंबट होतं, तेवढं कळलं. ताईचा सकाळी निरोप आला होता, दाखला गेला खड्ड्यात, तू ये. तो त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "जा. मी त्यांना सांगतो, अर्धवट मी सोडायला लावलं म्हणून."

दार उघडलं. आतून कुणीतरी विचारलं, "पहिलं कोण येतंय?"

नाकोबांनी सालं रुमालात गुंडाळली आणि माझ्याकडे पाहिलं. मी उठले.